श्वासाचा जमाखर्च

घोरणें हा आपल्या समाजांत पिढ्यान् पिढ्या थट्टेचा विषय होऊन बसला आहे. लग्नघरीं ज्या खोलींत एखादे मोठ्यानें घोरणारे काका निजले असतील त्या खोलींत दुसरा कोणी पथारी पसरीत नाहीं, आणि सकाळीं चहाच्या वेळीं त्यांच्या घोरण्याची नक्कल करण्यांत लहानथोर सारेच भाग घेतात. कुंभकर्णाची उपमा तर ठरलेलीच. या थट्टेच्या मुळाशीं एक समजूत असते ती ही कीं, जो घोरतो तो गाढ झोंपतो. त्याच्या झोंपेचा हेवाच करावा. वस्तुस्थिति पुष्कळदां याच्या अगदीं उलट असते. मोठ्यानें घोरणाऱ्यांपैकीं कित्येकजण रात्रभर श्वासासाठीं झगडत असतात, आणि त्या झगड्याची त्यांस स्वतःस वार्ताहि नसते.

झोंपेंतील श्वासरोध हें या व्याधीचें नांव. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारींत मुंबईस निवर्तले, तेव्हां त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं याच व्याधीचा उल्लेख केला होता, आणि तेव्हांपासून हें नांव पुष्कळ घरांत पोंचलें. रोग कसा ओळखावा, कोणती तपासणी करावी, कोणतें यंत्र घ्यावें, हें सांगणारे आतां पुष्कळ आहेत. परंतु यंत्र घरीं आल्यानंतर काय होतें, नव्याचे नऊ दिवस संपल्यावर तें कसें चालवावें, आणि साठी उलटलेल्या माणसाच्या उशाशीं औषधांची जी ओळ लागलेली असते तिचा व या यंत्राचा संबंध काय, याविषयीं लिहिलेलें आमच्या वाचनांत फारसें आलें नाहीं. गेलीं पांच वर्षें हा संसार आम्ही करीत आहों. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु. आम्ही वैद्य नव्हों. तेव्हां येथें सांगितलेलें कोणींहि आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजीं घेऊं नये, हें आरंभींच सांगून ठेवलेलें बरें.

प्रथम रोगाचें स्वरूप. जागेपणीं घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोंप लागली कीं इतर स्नायूंबरोबर तेहि सैल पडतात. ज्यांचा घसा मुळांतच अरुंद, मान जाड किंवा खालचा जबडा मागें असतो, त्यांच्या बाबतींत हा मार्ग मिटण्याचा संभव अधिक. छाती व पोट श्वास घेण्यासाठीं हालत असतात, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो. मेंदु सावध होऊन क्षणभर जागा होतो. घसा उघडतो, मोठा घुरका येतो, आणि पुन्हां डोळा लागतो. असा पुरा किंवा अर्धवट अडथळा १० सेकंद अगर त्याहून अधिक टिकला म्हणजे तो हिशेबांत धरतात. प्रौढ माणसांत ताशीं ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या पुढें तीव्र, अशी वर्गवारी आहे.

आमचा आंकडा ३८ निघाला. पुण्यांतील एका रुग्णालयांत डोक्यापासून पायांपर्यंत तारा लावून घेऊन आम्हीं एक रात्र काढली. त्या रात्रीं रक्तांतील प्राणवायु एकदां शेंकडा ७६ पर्यंत उतरला होता. त्यापूर्वीं कित्येक वर्षें आम्ही रात्रीं तीनतीनदां लघुशंकेस उठत होतों, आणि त्याचें खापर प्रोस्टेटवर फोडलें जात होतें. रक्तदाबाची गोळी एकाची तीन झाली होती. दुपारीं मोटार हांकतांना सिग्नलपाशीं थांबलों कीं डोळे मिटूं लागत. हीं तीन गाऱ्हाणीं तीन निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेलेलीं होतीं. तीं एकाच झाडाचीं फळें आहेत हें ताडलें तें आमच्या सौभाग्यवतीनें. "अहो, रात्रीं तुमचा श्वास मध्येंच थांबतो, मीं मोजून पाहिलें आहे," असें एके सकाळीं सांगून तिनें घड्याळाकडे पाहून लिहिलेला एक कागद आमच्या पुढें ठेवला. पुढील साऱ्या तपासण्या त्या कागदावरून सुरू झाल्या.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. झोंपलेल्या माणसास आपली झोंप दिसत नाहीं. नाकाचा डॉक्टर नाक पाहतो, हृदयाचा डॉक्टर हृदय पाहतो, आणि यंत्र विकणारा यंत्र पाहतो. सबंध रात्र पाहतें तें फक्त घर. या व्याधीच्या उपचाराचा भार म्हणूनच घरावर येतो, आणि तो कसा उचलावा हाच खरा प्रश्न आहे.

मुख्य उपाय म्हणजे सीपॅप नांवाचें यंत्र. ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत पांच रोग्यांवरील उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. नाकावाटे थोड्या दाबाची हवा सतत सोडीत राहिलें असतां घसा मिटत नाहीं, हें त्यांनीं दाखविलें. तोंपर्यंत तीव्र रोग्यास गळ्याला छिद्र पाडून नळी बसविणें हाच काय तो खात्रीचा मार्ग होता. युक्ति पाहूं गेल्यास साधी आहे. मऊ कापडाची नळी हवा भरून फुगलेली ठेवावी, तसा हा प्रकार. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात व तो साधारणतः ४ पासून २० पर्यंत ठेवतां येतो. हल्लींच्या पुष्कळ यंत्रांस डॉक्टरांनीं आंखून दिलेल्या मर्यादेंत आपला दाब आपणच कमीजास्त करण्याची अक्कल दिलेली असते.

येथवर सारें सुबोध वाटतें. परंतु हें यंत्र घेणें म्हणजे पंखा विकत आणून छताला टांगणें नव्हे. दारीं गाय बांधण्यासारखें तें आहे. रोज पाहावें लागतें, रोज पुसावें लागतें, आणि ऋतु पालटला कीं तिची तब्येतहि पालटते.

आम्हांस प्रथम नाकापुरता मास्क देण्यांत आला. झोंपेंत आमचें तोंड उघडे, आणि नाकांतून आंत गेलेली हवा तोंडावाटे निघून जाई. सकाळीं जीभ लाकडासारखी झालेली असे. म्हणून नाक व तोंड दोन्हीं झांकणारा मास्क आला. त्याच्या कडेंतून मिशीपाशीं हवा फुसफुसूं लागली. चाळीस वर्षांची मिशी ती. तिच्यावर कात्री चालवितांना मनास कांहींसें लागलें, हें खरें. पण कातरल्यावर गळती निम्म्यानें कमी झाली. अशा वेळीं मास्कचे पट्टे आंवळीत जावे असें सहज मनांत येतें. त्यानें नाकाच्या दांड्यावर व्रण मात्र पडतो. मास्क आरशापुढें उभें राहून न बसवितां बिछान्यावर आडवें होऊन, हवा चालू ठेवून, ज्या कुशीवर झोंपावयाचें त्या कुशीवर वळून बसवावा, म्हणजे पट्टे सैल असूनहि तो नीट बसतो, ही युक्ति आम्हांस तेथील एका परिचारिकेनें शिकविली. चेहऱ्याचें तेल बसून मास्कची मऊ कड निसरडी होते, म्हणून ती रोज सकाळीं कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावी. कांहीं महिन्यांनीं ती लिबलिबीत होते. मग मात्र ती बदलण्यांत कंजूषपणा उपयोगाचा नाहीं.

नाक व घसा कोरडा पडूं नये म्हणून यंत्राला पाण्याचें एक लहान भांडें जोडलेलें असतें व तें पाणी तापवून हवा ओलसर केली जाते. त्यांत नळाचें पाणी घातल्यास क्षाराचा थर बसतो. शुद्ध केलेलें डिस्टिल्ड पाणी घालावें व उरलेलें रोज ओतून टाकावें. पुण्याची डिसेंबरांतील थंडी पडली कीं एक निराळाच उपद्रव होतो. गार खोलींत नळीच्या आंत वाफेचें पाणी होतें आणि मध्यरात्रीं तें गुळगुळ आवाज करीत नाकावर येतें. सौभाग्यवतीनें एका जुन्या शालीची लांब पिशवी शिवून नळीवर चढविली, यंत्र पलंगाहून खालच्या पातळीवर ठेवलें, ओलसरपणाचा कांटा एका घरानें उतरविला, आणि उपद्रव थांबला. उलट आषाढ-श्रावणांत हवाच ओलसर असते. तेव्हां तो कांटा आणखी खालीं आणावा लागतो.

आतां औषधांकडे वळूं. यंत्राचा औषधांवर व औषधांचा यंत्रावर असा दुहेरी परिणाम असतो.

यंत्रानें रक्तदाब उतरतो हें खरें, परंतु सरासरीनें पाहतां तो दोनतीन मिलिमीटरच उतरतो. कोणाचा अधिक, कोणाचा मुळींच नाहीं. तीनतीन गोळ्या घेऊनहि ज्यांचा दाब आवरत नाहीं त्यांस फायदा जास्त होण्याचा संभव असतो. आमच्या बाबतींत सहा महिने सकाळ-संध्याकाळ घरीं दाब मोजून तो कागद डॉक्टरांस दाखविल्यावर त्यांनीं तीनांपैकीं एक गोळी थांबविली. दोन अजून चालू आहेत व राहतील. मूत्र वाढविणारी जी गोळी संध्याकाळीं होती ती त्यांनीं सकाळवर नेली. रात्रींचें उठणें तीनांवरून एकावर आलें. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती ओढ घेऊं लागली कीं हृदयावर ताण पडतो, आणि हृदय मूत्र वाढविणारें एक द्रव्य रक्तांत सोडतें, हें आम्हांस तेव्हां कळलें. निरपराध प्रोस्टेटवरील आरोप त्यामुळें बराचसा हलका झाला!

नाकाची गोष्टहि महत्त्वाची. नाक चोंदलें कीं हवा तोंडाकडे वळते व मग मास्क कोणताहि असो, रात्र वायां जाते. अशा वेळीं नाक तत्काळ मोकळें करणारे थेंब दुकानांतून आणण्याचा मोह होतो. ते तीनचार दिवसांहून अधिक घातले तर नाक उलट जास्त चोंदतें आणि त्या थेंबांची संवय जडते. मिठाच्या पाण्यानें नाक स्वच्छ करणें व डॉक्टरांनीं दिला असल्यास सूज उतरविणारा फवारा नित्यनेमानें मारणें, हा मार्ग संथ खरा, पण टिकाऊ.

सर्वांत अधिक सावधगिरी लागते ती झोंप आणणाऱ्या व वेदना शमविणाऱ्या औषधांच्या बाबतींत. कित्येक झोंपेच्या गोळ्या, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, गुंगी आणणारीं सर्दी-खोकल्याचीं औषधें, आणि मद्य, हीं घशाचे स्नायू अधिक सैल करतात किंवा मेंदूची सावध होण्याची शक्ति मंद करतात. अफूच्या वर्गांतील वेदनाशामकें तर श्वासाच्या मूळ आज्ञेवरच हात टाकतात. मज्जातंतूंच्या दुखण्यावर जीं गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन हीं औषधें सर्रास दिलीं जातात, त्यांच्यासंबंधानेंहि अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनें २०१९ च्या डिसेंबरांत इशारा दिला कीं, श्वासाचा विकार असणाऱ्यांत, वृद्धांत व इतर गुंगीच्या औषधांबरोबर तीं घेणाऱ्यांत श्वास धोकादायक रीतीनें मंद होऊं शकतो.

याचा अनुभव आम्हांस दोन वर्षांपूर्वीं आला. पाठींत उसण भरली म्हणून आम्ही एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलों. रात्रीं श्वासाचें यंत्र लावतों हें आम्हीं सांगितलें. "त्याचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं," असें उत्तर मिळालें, आणि दोन गोळ्या लिहून देण्यांत आल्या. एकींत ट्रॅमाडॉल होतें, दुसरी स्नायू सैल करणारी होती. पाठ थांबली. पण तिसऱ्या दिवशीं सकाळीं डोकें जड, तोंडावर सूज, आणि वर्तमानपत्राचा एक रकाना वाचतां वाचतां पेंग. यंत्राच्या पडद्यावरील ताशीं अडथळ्यांचा आंकडा, जो वर्षभर दोनच्या आसपास असे, तो १४ झाला होता. यंत्राच्या दुकानांतील तंत्रज्ञास दूरध्वनि केला; त्यानें तत्परतेनें सुचविलें कीं, दाब कमी पडत असेल, दोन अंशांनीं वाढवून देतों.

सौभाग्यवतीनें त्यास थांबावयास सांगितलें व आपली वही काढली. ही वही म्हणजे आमच्या श्वासाचा जमाखर्च. त्यांत रोज एक ओळ असते: किती तास यंत्र लावलें, अडथळ्यांचा आंकडा काय, गळती किती, सकाळचा रक्तदाब काय, आणि शेवटच्या रकान्यांत त्या दिवशीं नवें काय घडलें तें. नवी गोळी, बदललेला मास्क, सर्दी, लग्नांतलें जेवण, प्रवास, वजन, जें कांहीं असेल तें. तिनें मागील तीन आठवडे चाळून पाहिले. मास्क तोच, गळती तेवढीच, वजन तेंच, नाक मोकळें. शेवटच्या रकान्यांत नवी नोंद एकच, आणि ती मंगळवारच्या दोन गोळ्यांची. "दाबाला हात लावूं नका. आधीं छातीच्या डॉक्टरांकडे चला," एवढेंच ती म्हणाली.

छातीच्या डॉक्टरांनीं यंत्राची सविस्तर नोंद काढून पाहिली. चौदांपैकीं नऊ अडथळे घसा मिटल्यामुळें झालेले नव्हतेच. घसा उघडा होता, पण श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून येत नव्हती. अफूच्या वर्गांतील औषधानें असें होऊं शकतें. दार उघडें असतां माणूसच आंत येत नसेल, तर दार आणखी रुंद करून काय उपयोग? उलट अशा स्थितींत दाब वाढविल्यानें हे अडथळे कधीं कधीं वाढतात. त्यांनीं अस्थिरोगतज्ज्ञांशीं स्वतः बोलून दोन्ही गोळ्या बंद करविल्या. पॅरासिटॅमॉल, शेक व व्यायाम यांवर पाठ बरी झाली. आठवड्याभरांत आंकडा पुन्हां दोनवर आला. डॉक्टरांनीं जातां जातां सांगितलें कीं, यंत्र नसतें तर याच गोळ्यांनीं मोठा अनर्थ ओढवण्याचा संभव होता. त्या दिवशीं परत येतांना आम्ही उभयतां फारसें बोललों नाहीं.

औषध व रोग यांची अशीच एक गांठ आमच्या वडील भगिनींच्या बाबतींत पडली. त्यांस कित्येक वर्षें निद्रानाश होता व त्यासाठीं झोंपेची गोळी चालू होती. दिवसभर थकवा, सकाळीं डोकेदुखी, चिडचिड. हें सारें 'त्या वयांत व्हावयाचेंच' म्हणून सोडून देण्यांत आलें होतें. त्या घोरत असत, परंतु बायकांनीं घोरणें ही आपल्याकडे लाजेची गोष्ट. ती कोणी डॉक्टरांस सांगितली नाहीं. ऋतुप्राप्ति थांबल्यानंतर स्त्रियांतहि ही व्याधि बरीच वाढते, आणि ती पुष्कळदां घोरण्यापेक्षां थकवा व अपुरी झोंप याच रूपानें पुढें येते. त्यांची तपासणी झाली तेव्हां आंकडा २२ निघाला. ज्या गोळीनें झोंप आणावयाची तीच श्वासास अडथळा करीत असण्याचा संभव होता. ती एकाएकीं न थांबवितां डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दोन महिन्यांत हळूहळू कमी केली गेली, आणि यंत्र लागल्यावर ताई कित्येक वर्षांनीं दुपारीं न पेंगतां पुराणाला बसूं लागल्या. घरांतील पुरुष घोरला तर सारें घर जागें होतें. बाईची झोंप मोडते तेव्हां ती एकटीच जागी असते. याचा विचार प्रत्येक घरानें करावा.

वहींतील त्या शेवटच्या रकान्यांत कोणकोणत्या गोष्टी याव्या, हें आतां थोडक्यांत सांगतों.

पहिली, वजन. वजन वाढलें तर दाब पुरेनासा होतो. उतरलें तर तोच दाब जास्त होऊन हवा पोटांत जाते व ढेंकर, फुगारा सुरू होतो. २०२४ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनें, लठ्ठपणा असलेल्या प्रौढांतील मध्यम व तीव्र श्वासरोधासाठीं टिर्झेपॅटाइड या आठवड्यांतून एकदां टोंचून घ्यावयाच्या औषधास मान्यता दिली. या व्याधीसाठीं तेथें मान्य झालेलें हें पहिलेंच औषध होय. २०२५ च्या मार्चपासून हें औषध मधुमेह व लठ्ठपणा यांसाठीं भारतांतहि मिळूं लागलें. त्यानें वजन पुष्कळ उतरतें. तेव्हां तें घेणाऱ्यानें यंत्राचा दाब व मधुमेहाचीं इतर औषधें यांची पुन्हां तपासणी करून घेतली पाहिजे. वजन उतरलें म्हणून यंत्र आपल्या मनानें माळ्यावर टाकूं नये. पुन्हां एकदां झोंपेची तपासणी करून मगच काय तें ठरवावें.

दुसरी, शस्त्रक्रिया. कोणतीहि शस्त्रक्रिया असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांस या व्याधीची कल्पना आधीं द्यावी व यंत्र रुग्णालयांत बरोबर न्यावें. भुलीनंतरची गुंगी व वेदनाशामकें यांच्या पहिल्या एकदोन रात्रीं सर्वांत जपण्याच्या असतात.

तिसरी, शरीरांत बसविलेलीं साधनें. कांहीं मास्कच्या पट्ट्यांस लोहचुंबकाच्या कड्या असतात. ज्यांच्या छातींत पेसमेकर आहे, किंवा ज्यांच्या पलंगावर शेजारीं निजणाऱ्यास तो आहे, त्यांनीं असा मास्क घेण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. तीं चुंबकें तशा साधनापासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावीं लागतात.

चौथी, यंत्राची जात व क्रमांक. २०२१ च्या जूनमध्यें एका जगप्रसिद्ध कंपनीस आपलीं लाखों यंत्रें परत बोलवावीं लागलीं. आवाज दाबण्यासाठीं आंत बसविलेला स्पंज झिजून त्याचे कण श्वासाबरोबर आंत जाण्याचा धोका होता. अशा वेळीं आपलें यंत्र कोणतें हें पावती शोधीत बसल्याशिवाय सांगतां आलें पाहिजे.

पांचवी, वीज. ज्या गांवीं रात्रीं वीज जाते तेथें इन्व्हर्टरवर यंत्र किती तास चालतें हें एखाद्या शांत संध्याकाळीं पाहून ठेवावें. पाणी तापविणें बंद केलें तर तीच बॅटरी बरीच अधिक पुरते. कोंकणांत भाच्याच्या मुंजीस गेलों तेव्हां पावसाळी रात्रीं चार तास वीज नव्हती. पण ही कसोटी आधींच झालेली असल्यामुळें आमचा श्वास व यजमानांची झोंप दोन्हीं शाबूत राहिलीं.

एवढी खटपट करून लाभ काय, असें कोणी विचारील. प्रामाणिक उत्तर असें कीं, लाभ आहे. पण तो दुकानांतील जाहिरातींत सांगतात तेवढा व तसा नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत २,७१७ रोगी होते. त्यांच्या हृदयास किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांस पूर्वींच विकार झालेला होता. यंत्रामुळें हृदयविकाराचे झटके व पक्षाघात कमी झाल्याचें त्यांत दिसून आलें नाहीं. मात्र दिवसाची पेंग व घोरणें कमी झालें, मन अधिक उल्हसित राहिलें व कामावरील गैरहजेरी घटली. त्या रोग्यांनीं यंत्र सरासरी रात्रीं साडेतीन तासांहूनहि कमी वापरलें होतें, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. म्हणून यंत्र आलें म्हणजे रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा हृदयाच्या गोळ्यांस रजा मिळाली, असें कोणीं समजूं नये. यंत्र हें औषधांचें सोबती आहे, त्यांचें वारस नव्हे.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर आम्ही सिग्नलपाशीं पेंगत नाहीं, संध्याकाळीं नातवास गणित शिकवितांना आमचीच मान खालीं जात नाहीं, आणि सौभाग्यवती, जी वर्षानुवर्षें आमच्या पुढच्या श्वासाची वाट पाहत जागत होती, ती आतां आमच्या आधीं झोंपी जाते. या शेवटल्या लाभाची नोंद कोणत्याहि यंत्राच्या पडद्यावर उमटत नाहीं. वास्तविक तोच सर्वांत मोठा.

परंतु आज कित्येक घरांत वृद्ध माणूस एकटाच असतो. आमच्या एका स्नेह्यांच्या पत्नी निवर्तल्या आणि मुलगा अमेरिकेंत. त्यांची वही कोणी लिहावी? त्यांच्या यंत्राची रात्रींची नोंद आपोआप मुलाच्या भ्रमणध्वनीवर जाते. येथें सकाळ झाली कीं तेथें संध्याकाळ असते, मुलगा आंकडा पाहतो आणि दूरध्वनीवर पहिलाच प्रश्न विचारतो, "बाबा, काल दोन वाजतां मास्क काढून ठेवला होतात का?" कधीं पाणी संपलेलें असतें, कधीं नाक चोंदलेलें असतें, आणि कधीं वृद्धास नुसतें जागें राहून जुन्या गोष्टी आठवाव्याशा वाटलेल्या असतात. आंकड्यास हा भेद कळत नाहीं, विचारणाऱ्यास कळतो. ज्यांचीं मुलें दूर देशीं आहेत त्यांनीं ही सोय करून घेण्यास संकोच करूं नये, आणि मुलांनीं आंकडा पाहून थांबूं नये, दूरध्वनि करावा.

उपचार एकदांच ठरतो व मग आपोआप चालतो, अशी आपली कल्पना असते. या व्याधींत तसें होत नाहीं. शरीर बदलतें, ऋतु बदलतो, गोळ्या बदलतात, मास्कची कड झिजते, आणि त्यांतील एकाच्या बदलानें दुसऱ्याचा हिशेब चुकूं शकतो. म्हणून जो कोणी नवी गोळी लिहून देईल त्यास यंत्राची गोष्ट सांगावी, जो यंत्राचा दाब बदलूं पाहील त्यास गोळ्यांची यादी दाखवावी, आणि आपल्या प्रश्नास 'संबंध नाहीं' असें उत्तर मिळालें तर दुसऱ्या डॉक्टरांस विचारल्याशिवाय ती गोष्ट सोडूं नये. याला मोठी विद्वत्ता लागत नाहीं. एक वही, एक पेन्सिल, आणि शेजारच्या श्वासाकडे लक्ष देणारें एक माणूस, एवढें असलें म्हणजे पुष्कळ झालें.